आठ दशांश सेकंद

१७९६च्या जानेवारीत ग्रिनिचच्या वेधशाळेत डेव्हिड किनेब्रुक नावाचा तरुण साहाय्यक आपल्या वरिष्ठांपेक्षा आठ दशांश सेकंद उशिरा तारे पाहत होता. आठ दशांश सेकंद, म्हणजे पापणी दोनदा लवेल एवढाच वेळ. तेवढ्यासाठी त्याची नोकरी गेली. त्याच्याकडून नेमकी काय चूक होत होती, हे त्याला कळलं नाही. ज्यांनी त्याला काढलं त्यांनाही कळलं नाही. ते समजायला विज्ञानाला पुढची सत्तर-ऐंशी वर्षं लागली, आणि समजता समजता मानसशास्त्र नावाची एक नवी विद्याशाखा उभी राहिली.

नेव्हिल मॅस्कलिन तेव्हा इंग्लंडचे राजज्योतिषी होते. हे पद १७६५पासून त्यांच्याकडे होतं. भर समुद्रात जहाज कुठे आहे हे आकाशावरून काढता यावं, म्हणून दर वर्षी निघणारं नाविक पंचांग त्यांनीच सुरू केलं. या सगळ्या गणिताच्या मुळाशी होतं वेधशाळेचं घड्याळ, आणि घड्याळ बरोबर चाललंय की नाही हे सांगणार तारे. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना विषुववृत्तावरची जमीन दर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर पुढे सरकते. आठ दशांश सेकंद चुकला, तर नकाशावर जवळजवळ ३७० मीटरचा फरक पडतो. तेव्हा मॅस्कलिन उगाच नाकावर माशी बसू न देणारे गृहस्थ होते, असं समजायचं कारण नाही.

काम करायची पद्धत पूर्वीचे एक राजज्योतिषी जेम्स ब्रॅडली यांनी घालून दिलेली. तिला डोळा-कानाची पद्धत म्हणत. दुर्बीण उत्तर-दक्षिण रेषेत पक्की बसवलेली असे आणि तिच्या दृष्टिक्षेत्रात बारीक उभे धागे ताणलेले असत. तारा एका बाजूने आत येई आणि एकेक धागा ओलांडत दुसऱ्या बाजूने निघून जाई. निरीक्षक आधी घड्याळाकडे बघून तास, मिनिट, सेकंद टिपून घेई. मग डोळा दुर्बिणीला लावून कानाने लंबकाचे ठोके मोजत राही. तारा कधीही नेमक्या ठोक्याला धाग्यावर येत नसे. एका ठोक्याला तो धाग्याच्या अलीकडे दिसे, पुढच्या ठोक्याला पलीकडे. या दोन जागा मनात धरून ठेवायच्या, त्यांच्यामधल्या अंतराचे मनातच दहा भाग करायचे आणि धागा कितव्या भागावर पडला ते लिहायचं. तोवर तारा पुढच्या धाग्याकडे निघालेला असे. सराईत माणूस यात एक-दोन दशांश सेकंदांपलीकडे चुकत नाही, असा त्या काळच्या खगोलज्ञांचा ठाम विश्वास होता.

किनेब्रुक १७९४मध्ये कामाला लागला. ते वर्ष आणि १७९५चे बरेच महिने त्याचे वेध मॅस्कलिन यांच्या वेधांशी छान जुळत. मग ऑगस्टमध्ये तो अर्धा सेकंद मागे पडू लागला. मॅस्कलिन यांच्या लक्षात हे जरा उशिरानेच आलं. त्यांनी त्याला समज दिली. त्यानेही जीव लावून प्रयत्न केला असणार, कारण तो कामाला चोख असल्याचं मॅस्कलिन यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पण अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढलं आणि जानेवारीपर्यंत आठ दशांशावर गेलं. ब्रॅडलींची उत्तम रीत सोडून पोराने स्वतःची काहीतरी गोंधळाची रीत धरली असावी, असा निष्कर्ष मॅस्कलिन यांनी काढला, आणि नाइलाजाने त्याला निरोप दिला.

ही हकीकत वाचताना जीव तुटतो तो याच ठिकाणी. कामचुकार माणूस धाकाने सुधारतो. पण डोळ्यांत तेल घालून बसणाऱ्याला ‘नीट बघ’ म्हणून सांगितलं, तर त्याने आणखी काय करायचं? आपल्याला तारा जिथे दिसतो तिथेच तो आहे, यापलीकडे पुरावा तरी त्याच्याकडे कुठला होता?

मॅस्कलिन यांचं एक ऋण मात्र मान्य करायला हवं. त्यांनी प्रकरण झाकलं नाही. ग्रिनिचच्या छापील वेधसंग्रहात त्यांनी सगळं आकड्यांनिशी नोंदवलं: कोणत्या महिन्यात किती फरक, कधी वाढला, किती वाढला. ते पान छापलं गेलं नसतं तर पुढचं काहीच घडलं नसतं.

किनेब्रुक १८०२मध्ये वारला. त्यानंतर चौदा वर्षांनी, १८१६मध्ये, एका जर्मन खगोल नियतकालिकात ग्रिनिच वेधशाळेचा इतिहास छापून आला, आणि त्यात त्याच्या बडतर्फीचा उल्लेख होता. प्रशियातल्या कोनिग्सबर्ग वेधशाळेचे प्रमुख फ्रिडरिश बेसेल यांच्या नजरेला तो मजकूर पडला. बेसेल आधी ब्रेमेनच्या एका व्यापारी पेढीत उमेदवारी करत होते. खगोलशास्त्र ते रात्री जागून स्वतःच शिकले होते, आणि मोजमापातली सूक्ष्म चूक हुडकून काढण्यात त्यांचा हात धरणारा तेव्हा कोणी नव्हता. इतर वाचकांना ती एका निष्काळजी नोकराची गोष्ट वाटली. बेसेल यांना मात्र त्यात कोडं दिसलं. एवढी समज मिळूनही जो माणूस सुधारत नाही, त्याची चूक त्याच्या इच्छेच्या हाती नसावी.

त्यांनी प्रयोग स्वतःवरच सुरू केला. वाल्बेक नावाचे फिनलंडचे खगोलज्ञ कोनिग्सबर्गला आले होते. ठरावीक तारे निवडून दोघांनी ते आपसांत वाटून घेतले आणि पुढच्या रात्री वाटणी उलटी केली, म्हणजे दुर्बीण तीच, घड्याळ तेच, बदलला तो फक्त माणूस. बेसेल प्रत्येक तारा वाल्बेक यांच्या आधी नोंदवत होते आणि सरासरी फरक निघाला १.०४१ सेकंद. किनेब्रुकच्या फरकापेक्षाही जास्त! १८२३मध्ये आर्गेलांडर या दुसऱ्या नामांकित खगोलज्ञाशी तुलना केली, तर १.२२३ सेकंद. हे दोघे काही कालपरवा भरती झालेले मदतनीस नव्हते. कोण बरोबर आणि कोण चूक, हा प्रश्नच आता निकालात निघाला. ‘अमक्याचा वेध उणे तमक्याचा वेध बरोबर इतका’ असं समीकरण बेसेल मांडू लागले, आणि पुढे ही कल्पना वैयक्तिक समीकरण या नावाने रूढ झाली.

बेसेल तेवढ्यावर थांबले नाहीत. सेकंदाचे ठोके देणाऱ्या घड्याळाऐवजी अर्ध्या सेकंदाचे ठोके देणारं घड्याळ लावलं, तर त्यांचे स्वतःचेच वेध जवळजवळ अर्ध्या सेकंदाने उशिरा पडू लागले. आणि चंद्राआड तारा एकदम लुप्त होतो, तशी अचानक घडणारी गोष्ट टिपायची असली, की दोन निरीक्षकांमधला फरक खूपच कमी व्हायचा. म्हणजे दोष नुसत्या डोळ्यात नव्हता आणि नुसत्या कानातही नव्हता. डोळ्याने पाहिलेलं आणि कानाने ऐकलेलं जिथे एकत्र येतं, तिथे काहीतरी घडत होतं. तिथे पोचायची दुर्बीण बेसेल यांच्याजवळ नव्हती.

१८४६मध्ये बेसेल गेले. तीनच वर्षांनी त्याच कोनिग्सबर्गमध्ये हेर्मान हेल्महोल्ट्झ शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले, तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. मज्जातंतूतून निरोप किती वेगाने जातो, हे मोजायचं त्यांनी ठरवलं. त्यांचे गुरू योहानेस म्यूलर यांनी आपल्या ग्रंथात लिहिलं होतं, की हा वेग मोजायचं साधन माणसाला बहुधा कधीच मिळणार नाही. संवेदना क्षणात पोचते, असं त्या वेळी जवळपास सगळेच धरून चालले होते. पायाला काटा बोचला की कळतं; मध्ये वेळ तो कसला?

हेल्महोल्ट्झ यांनी बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या लांब मज्जातंतूसह काढून घेतला. मज्जातंतूला विजेचा झटका दिला, की त्याच क्षणी दुसरा एक विद्युतप्रवाह सुरू होई. स्नायू आकसून त्याने वजन उचललं, की तो प्रवाह तुटे. मधल्या वेळात प्रवाहाने चुंबकसूचीला जेवढा हिसका दिला, तेवढा वेळ गेला. झटका एकदा स्नायूजवळ द्यायचा आणि एकदा दूर, मज्जातंतूच्या टोकाशी. दोन वेळांची वजाबाकी केली, की उरतो तो निरोपाच्या प्रवासाचा वेळ. आकडे टिपून घ्यायला पत्नी ओल्गा शेजारी बसत. जानेवारी १८५०मध्ये निकाल हाती आला: सेकंदाला सुमारे २७ मीटर. हवेतून जाणाऱ्या आवाजाच्या बाराव्या-तेराव्या हिश्शाइतका हा वेग. विचार आणि शरीर यांच्यामध्ये असा प्रवास असावा, ही कल्पना पॉट्सडॅममध्ये शिक्षक असलेल्या त्यांच्या वडिलांनाही लवकर पटेना. त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या व्याख्यानात हेल्महोल्ट्झ यांनी देवमाशाचा दाखला दिला. त्याच्या शेपटीला झालेली जखम मेंदूला कळायलाच सुमारे एक सेकंद लागेल आणि शेपूट हलवण्याचा हुकूम परत जायला आणखी एक. याच व्याख्यानात त्यांनी खगोलज्ञांच्या त्या जुन्या फरकांकडेही बोट दाखवलं.

तेच १८५० साल लाइपझिगमध्येही महत्त्वाचं ठरलं, पण वेगळ्या कारणाने. त्या गावात एर्न्स्ट वेबर नावाचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक वीसेक वर्षं स्पर्शाचा अभ्यास करत होते. त्यांचं मुख्य हत्यार भूमितीच्या पेटीतला कंपास. त्याची दोन टोकं त्वचेवर टेकवायची आणि विचारायचं, टोकं दोन वाटतात की एक? जिभेच्या शेंड्याला मिलिमीटरभर अंतरही कळतं. बोटाच्या टोकाला दोनेक मिलिमीटर लागतात. पाठीवर टोकं पाच-सहा सेंटिमीटर लांब ठेवली तरी माणूस म्हणतो, ‘एकच.’ घरात कोणाच्याही पाठीवर दोन बोटं टेकवून हे आजमावता येतं. वेबर यांनी वजनांवरही असेच प्रयोग केले आणि एक साधी, फार खोल गोष्ट त्यांच्या हाती लागली. हातात उचललेल्या वजनात फरक जाणवायला साधारण चाळिसावा हिस्सा वाढावा लागतो. चारशे ग्रॅमच्या पुडीत दहा ग्रॅम टाकले तर कळतं. चार किलोच्या पिशवीत तेच दहा ग्रॅम टाकले तर हाताला पत्ता लागत नाही, तिथे शंभर लागतात. आपली इंद्रियं वजन मोजत नाहीत, प्रमाण मोजतात.

वेबर यांच्याच विद्यापीठात गुस्टाव फेश्नर भौतिकशास्त्र शिकवायचे. पोटापाण्यासाठी त्यांनी आठ खंडांचा गृहोपयोगी कोश संपादित केला होता आणि त्यातला बराच भाग स्वतःच लिहिला होता. त्यात भर म्हणून डोळ्यांत उमटून राहणाऱ्या प्रतिमांचा अभ्यास करायला ते रंगीत काचेतून थेट सूर्याकडे बघत राहिले. १८४०च्या सुमारास शरीर आणि मन दोन्हींनी हाय खाल्ली. उजेड डोळ्यांना सोसेना, अन्न पोटात ठरेना. तीनेक वर्षं ते अंधारात राहिले. ओळखीतल्या एका बाईंना म्हणे स्वप्नात एक पदार्थ दिसला: कच्चं मांस, मसाला, लिंबाचा रस आणि ऱ्हाइनकाठची वाइन. त्यांनी तो करून आणला आणि फेश्नर यांना तो पचला. १८४३च्या ऑक्टोबरात डोळ्यांची पट्टी काढून ते बागेत गेले, तेव्हा फुलं त्यांना आतून प्रकाशल्यासारखी दिसली. वनस्पतींनाही आत्मा असतो, यावर त्यांनी पुढे आख्खं पुस्तक लिहिलं. सहकाऱ्यांनी माना हलवल्या. पण या माणसाला मन आणि जड पदार्थ यांना जोडणारा धागा हवा होता, आणि तो शोध त्याने गणितातही सोडला नाही.

२२ ऑक्टोबर १८५०च्या सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी, त्यांना मार्ग दिसला. संवेदना थेट मोजता येत नसेल, तर ‘जेमतेम जाणवणारा फरक’ हेच तिचं माप धरायचं. वेबर यांच्या निष्कर्षाला ही कल्पना जोडली, की सूत्र मिळतं: बाहेरचा प्रकाश, आवाज किंवा वजन पटीपटीने वाढत जातं, तेव्हा आतली जाणीव पायरीपायरीने वाढते. काळोख्या देवघरात एका समईशेजारी दुसरी लावली तर खोली उजळते. झगमगत्या मांडवात तीच समई नेऊन ठेवली तर कोणाच्या लक्षातही येत नाही. हे सूत्र नुसतं मांडून फेश्नर स्वस्थ बसले नाहीत. दोन वजनांमधलं जड कोणतं, हा निवाडा त्यांनी वजनं उचलून उचलून २४,५७६ वेळा केला. ज्याने अंधाऱ्या खोलीत वर्षं काढली, त्याच माणसाने दिवसामागून दिवस हे वहीत मांडत बसावं, यातली चिकाटी बघून नतमस्तक व्हायला होतं. १८६०मध्ये त्यांचा ‘मनोभौतिकीची मूलतत्त्वे’ हा ग्रंथ निघाला. सूत्र सगळीकडे तंतोतंत लागू पडत नाही, हे पुढे दिसलं. विजेच्या झटक्याची वेदना, उदाहरणार्थ, झटक्यापेक्षा जोरात वाढते. तरी मनातली गोष्ट आकड्यात मांडता येते, हे एकदा दाखवून झालं होतं.

पुराव्यादाखल फेश्नर यांनी आकाशही वापरलं. प्राचीन काळापासून ताऱ्यांच्या तेजाच्या सहा प्रती मानल्या जात, नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने. १८५६मध्ये ऑक्सफर्डच्या वेधशाळेतले नॉर्मन पॉगसन यांनी सुचवलं, की पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजाचा शंभर पटींचा फरक धरावा, म्हणजे दर प्रतीला सुमारे २.५१२ पट. डोळ्याला सारख्या वाटणाऱ्या पायऱ्या प्रत्यक्षात पटी होत्या! हेच पॉगसन १८६१मध्ये मद्रासच्या वेधशाळेचे प्रमुख होऊन भारतात आले. तिथून त्यांनी शोधलेल्या पहिल्या लघुग्रहाला ‘आशिया’ नाव दिलं, आणि पुढची तीस वर्षं, अखेरपर्यंत, ते मद्रासलाच राहिले.

इकडे किनेब्रुकचं कोडं घड्याळांच्याच गावी पुढे सरकलं. स्वित्झर्लंडमधल्या नोशातेलच्या वेधशाळेत आडोल्फ हिर्श यांनी १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला सेकंदाचा हजारावा भाग दाखवणारं नवं यंत्र हाताशी घेतलं. इशारा मिळताच कळ दाबायला माणसाला किती वेळ लागतो, हे ते मोजू लागले. आवाज ऐकून साधारण दीड दशांश सेकंद लागे, उजेड दिसल्यावर दोन दशांश. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचे नेत्रवैद्य फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी त्यापुढची शक्कल लढवली. पायाला विजेचा हलका झटका द्यायचा आणि त्याच बाजूच्या हाताने उत्तर मागायचं. कोणत्या पायाला झटका बसणार हे आधी ठाऊक असलं, तर उत्तर लवकर येई. ठाऊक नसलं, तर सेकंदाचा पंधरावा हिस्सा जास्त लागे. तेवढा वेळ मनाने ‘डावा की उजवा’ हे ठरवण्यात घालवला होता. एका निर्णयाला लागणारा वेळ माणसाने पहिल्यांदाच मोजला होता.

पण हिशेब नीट पाहिला तर एक अडचण उरतेच. इंद्रियांपासून हातापर्यंतचा सगळा प्रवास दोन दशांश सेकंदांत उरकतो, मग बेसेल आणि आर्गेलांडर यांच्यात सव्वा सेकंद कुठून आला? याचं उत्तर हायडेलबर्गमध्ये हेल्महोल्ट्झ यांचे साहाय्यक असलेल्या विल्हेल्म वुंट यांनी शोधायला घेतलं. १८६१च्या सुमारास त्यांनी घरातल्या घड्याळाच्या लंबकाला असा अडसर लावला, की तो ठरावीक जागी आला की घंटा वाजे. घंटा वाजली तेव्हा लंबक कुठे होता? वुंट यांना तो कधीच खऱ्या जागी दिसेना. घंटेकडे कान लावला, की लंबक एकीकडे दिसे. लंबकावर नजर रोखली, की तो दुसरीकडे जाई. फरक सेकंदाच्या आठव्या हिश्शाचा. एका क्षणी घडलेल्या दोन गोष्टी मनात एका क्षणी शिरत नाहीत. अवधान ज्या गोष्टीकडे असतं, ती आधी आत येते. ग्रिनिचच्या दुर्बिणीशी असाच एक जण ठोक्याची वाट बघत असे आणि ताऱ्याला मागून गाठत असे, तर दुसरा ताऱ्यावर डोळा खिळवून ठोका नंतर ऐकत असे. त्यात ठोके मोजायची प्रत्येकाची सवय निराळी. दोघेही मनापासून, प्रामाणिकपणे, वेगवेगळ्या वेळी तोच तारा पाहत.

वुंट १८७५मध्ये लाइपझिगला प्राध्यापक म्हणून गेले. फेश्नर आणि वेबर दोघेही तेव्हा त्याच गावात हयात होते. १८७९मध्ये विद्यार्थ्यांच्या भोजनगृहाच्या जुन्या इमारतीतल्या खोलीत वुंट यांची प्रयोगशाळा सुरू झाली. मानसशास्त्राची ही जगातली पहिली रीतसर प्रयोगशाळा मानतात. माक्स फ्रिडरिश या विद्यार्थ्याने तिथे केलेला पहिला मोठा प्रयोग अर्थातच वेळेचा होता: एखादी गोष्ट नुसती जाणवणं आणि ती ओळखू येणं, यांत किती वेळ जातो? देशोदेशींचे विद्यार्थी येत गेले. त्यांतले ह्यूगो म्यून्स्टरबर्ग पुढे हार्वर्डला गेले. त्यांच्या हाताखाली शिकलेले नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी १९१६मध्ये कलकत्ता विद्यापीठात भारतातला पहिला मानसशास्त्र विभाग सांभाळायला घेतला. आज आपल्याकडच्या महाविद्यालयांत मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत विद्यार्थी ‘प्रतिक्रियाकाल’ लिहितात, तो याच वाटेने आलेला आहे.

वेधशाळांनीही आपली रीत बदलली. ग्रिनिचमध्ये १८५४पासून निरीक्षक कानाने ठोके मोजण्याऐवजी विजेची कळ दाबू लागले आणि फिरत्या नळकांड्यावर खूण उमटू लागली. फरक घटला, पण संपला नाही. मग १८९०च्या सुमारास हॅम्बुर्गच्या रेपसोल्ड घराण्याच्या कारखान्यात एक नवं सूक्ष्ममापक तयार झालं. त्यात धागा स्थिर नव्हता. ताऱ्यासोबत तो हाताने हळूहळू सरकवत न्यायचा, तारा सतत धाग्यावर राहील एवढंच बघायचं, आणि धागा ठरलेल्या जागी आला की वेळेची नोंद यंत्र आपोआप करी. तारा धाग्यावर कधी आला, हा प्रश्न आता दुर्बिणीशी बसलेल्या माणसाला कोणी विचारत नव्हतं.